आजोबांची फियाट घरीच उभी करायची असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरच्या उत्तर कसब्यातल्या वाड्यात आजोबांची १९७१ची फियाट ११०० डिलाइट बरीच वर्षं ताडपत्रीखाली उभी आहे. आजोबा आता नाहीत. नातवाला ती घरीच, सुट्टीच्या दिवशी काम करत, पुन्हा चालती करायची आहे. जमलं तर अलॉय व्हील, पुढे डिस्क ब्रेक, एसी आणि एखाद्या नव्या गाडीचं इंजिनही बसवायचं मनात आहे. सुरुवात कुठून करू, आणि यातलं काय करू, काय सोडू, असं त्यांनी विचारलंय.

भाऊ, गाडी पूर्ण सुटी करू नका. आणि पान्याने परत काढता येणार नाही असा एकही बदल तिच्यात करू नका.

घरी हाती घेतलेल्या गाड्या अर्धवट राहतात त्या पैशाअभावी कमी, पसाऱ्यामुळे जास्त. पहिल्या दोन रविवारी उत्साहाच्या भरात दारं उतरतात, इंजिन बाहेर येतं, काचा निघतात, डबे आणि पिशव्या भरतात. मग लग्नसराई येते, कुणाची बदली होते, आणि सहा महिन्यांनी कुठला बोल्ट कुठला हे कुणालाच सांगता येत नाही. शेवटी भंगारवाला दारात उभा राहतो. म्हणून एक भाग उघडा, तो पूर्ण करा, जागेवर बसवा, मगच पुढच्याला हात लावा. गाडी शेवटपर्यंत स्वतःच्या चाकांवर, ढकलता येईल अशी राहिली पाहिजे. काढलेला प्रत्येक नट-बोल्ट ज्या भोकातला आहे त्या भोकात दोन आटे फिरवून परत ठेवा. खोलण्याआधी मोबाइलवर तीन बाजूंनी फोटो घ्या. त्यात वायर कुठून गेली आहे आणि वायसर कुठल्या बाजूला आहे हे दिसायला हवं.

ही गाडी सोलापुरात जपली जावी असं मला मनापासून वाटतं, त्याला कारण आहे. ती बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना १९४४ साली वालचंद हिराचंदांनी केली, आणि वालचंदशेठ १८८२ साली जन्मले ते आपल्या सोलापुरात. कुर्ल्याच्या कारखान्यातून डिलाइट १९६४पासून निघू लागली. जुने लोक जिला डुक्कर फियाट म्हणतात ती हिच्या आधीची. डिलाइटचीच पुढे १९७२च्या सुमारास प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाली. तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे १०८९ सीसीचं इंजिन आणि चाकं, ब्रेक, स्टिअरिंग या चालीचा बहुतेक भाग पद्मिनीपर्यंत तोच राहिला. ब्रेकचे किट, किंगपिन (पुढची चाकं ज्यावर वळतात त्या पिना), बेअरिंग, गॅस्केट पद्मिनीचे चालतात. जाळी, मागचे दिवे, पट्ट्या मात्र वेगळ्या, त्यामुळे वाकलेली असली तरी जुनी पट्टी फेकू नका. मुंबईत टॅक्सी होत्या तोवर हे सामान सहज मिळायचं. ऑक्टोबर २०२३मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तेव्हापासून मागणीही आटत चालली आहे. झिजणारे भाग आज मिळतायत तोवर घेऊन ठेवा. रंगाचं सामान नंतरही मिळेल.

कागदाचं आधी बघा. आरसी आजोबांच्या नावावर असेल तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो. वारसाचे कागद आणि इतर वारसांची संमती हाताशी असू द्या. यापुढे दोन वाटा आहेत. नेहमीची नोंदणी दर पाच वर्षांनी फिटनेस करून वाढवत राहिलात तर गाडी रोज चालवता येते. दुसरी वाट २०२१च्या केंद्रीय नियमांची. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये. पण तशी नोंद झालेली गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला नाही. घरच्यांना घेऊन तुळजापूरला जायची इच्छा असेल तर पहिली वाट बरी. आणि दोन्ही वाटांवर इंजिन, सांगाडा किंवा बॉडीचा मूळ आकार बदललेला अंगाशी येतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ नोंदीत नसलेल्या बदलाला परवानगी देत नाही, आणि व्हिंटेजच्या नोंदणीत तर मूळ रूप हीच अट आहे. नव्या गाडीच्या इंजिनाचा विषय माझ्या लेखी इथेच संपतो.

आता पत्रा. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. जीपचा पत्रा सडला तर खाली लोखंडी चासी शिल्लक असते, इथे पत्रा सडला म्हणजे गाडीचा कणाच गेला. म्हणून इंजिन सुरू करून बघायचा मोह आवरा आणि आधी खाली झोपा.

लोहचुंबक मऊ फडक्यात गुंडाळून बॉडीवरून फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे पत्रा नाही, लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी आहे. मग पेचकसाच्या मुठीने दारांखालची पेटी, जिला डेंटर रनिंग बोर्ड म्हणतात, ती पुढून मागे ठोकत जा. चांगला पत्रा टणटण वाजतो. सडलेला थप्प आवाज करतो, आणि कधी कधी आतून गंजाचा भुगा खाली गळतो. पाय ठेवायच्या जागेची मॅटिंग पूर्ण उचला, तिच्याखाली जुनं पाणी अडकून राहिलेलं असतं. डिकीत स्टेपनीखालचा खड्डा, बॅटरीचा ट्रे, दारांची खालची कड, आणि मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) जिथे बॉडीला टांगलेले आहेत ती जागा नीट बघा. ही शेवटची सगळ्यात महत्त्वाची, कारण ती सुटली तर मागचा धुरा चालत्या गाडीत सरकतो. सोलापूरची हवा कोरडी, पाऊस कमी, त्यामुळे कोकणातल्या गाडीपेक्षा तुमची गाडी बहुधा बरी निघेल. पण वाड्याच्या मातीच्या जमिनीवर उभी असेल तर ओल खालून आलेली असते, आणि वरून चकाचक दिसणारी गाडी खालून पोखरलेली सापडते.

पेटी कापावी लागली तर एक नियम मोडू नका. कापण्याआधी दार काढून, दाराच्या चौकटीत बिजागरीच्या खांबापासून कुलुपाच्या खांबापर्यंत अँगल वेल्ड करून घ्या. गाडी सपाट जागेवर, वजन धुऱ्यांखाली घेतलेलं. एका वेळी एकच बाजू. प्रत्येक टाक्यानंतर दार टेकवून फट वर-खाली सारखी आहे का ते बघा. हे टाळलं की सांगाडा मधून खाली बसतो, आणि मग ते दार जन्मभर नीट लागत नाही, कितीही ठोका. पेटीला १८ गेज, जमिनीला २० गेज सीआरसी पत्रा पुरतो. वेल्डिंग सीओटू मशीनने करा. गॅस वेल्डिंगची उष्णता पातळ पत्रा दूरवर वाकवते. आणि डेंटर सडलेल्या पत्र्यावरच नवा पत्रा मारतो म्हणाला तर नको म्हणा. दोन पत्र्यांच्या मध्ये गंज वाढतच राहतो आणि तीन पावसाळ्यांत फुगून वर येतो. सडका भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा, आत इपॉक्सी प्रायमर, पेटीच्या पोकळीत वॅक्स, आणि खालची पाणी जायची भोकं मोकळी.

वेल्डिंग सुरू करण्याआधी पेट्रोलची टाकी गाडीतून पूर्ण बाहेर. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, कारण आत वाफ असते. बॅटरीची तार सोडलेली, बाजूला पाण्याची बादली आणि अग्निशामक. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही, घोड्या (लोखंडी टेकू) लावायच्याच. जुन्या ब्रेकलायनरमध्ये आणि क्लचप्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, तेव्हा ड्रम उघडून हवेने धूळ उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून घासकाम पाणी मारूनच करा. वाड्यात लहान मुलं असतील तर हे दोन्ही आणखी काटेकोर पाळा.

पत्र्यानंतर ब्रेक, आणि ब्रेक पूर्ण झाल्याशिवाय इंजिन सुरू झालं तरी गाडी फाटकाबाहेर न्यायची नाही. चारही चाकांना ड्रम, तेलाची लाइन एकच. एका जागी गळती झाली की चारही चाकांचा ब्रेक जातो. उभ्या गाडीत ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि सिलिंडरच्या आतल्या भिंतीला खड्डे पाडतं. मास्टर सिलिंडर आणि चाकांचे सिलिंडर उघडून नखाने आतून चाचपा. नख अडकलं तर नुसतं रबर किट बदलून उपयोग नाही, महिन्याभरात परत गळणार. इथे सोलापूरची खरी श्रीमंती कामाला येते. यंत्रमागांचे भाग बनवणारे टर्नर आपल्याकडे आहेत. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चांगला लेथवाला गाठा. तो सिलिंडर बोअर करून आत पितळेची स्लीव्ह मूळ मापाची बसवून देतो, आणि मग तो सिलिंडर नव्यापेक्षा टिकतो. किंगपिनच्या बूश, पाट्यांच्या पिना, दाराच्या बिजागरीची घासलेली पिन, हे सगळं तिथेच होतं. नमुना म्हणून जुना भाग आणि ज्यात तो बसतो तो जोडीचा भाग, दोन्ही सोबत न्या. नुसत्या मापाच्या चिठ्ठीवर काम देऊ नका.

ब्रेकची एक खोड सांगतो, ती भल्याभल्यांना सापडत नाही. सगळं नवं घातलंय, तरी गाडी चालवून आल्यावर पुढचं एक चाक हाताला चटका बसेल इतकं तापतं, आणि गाडी त्या बाजूला ओढते. ड्रम उघडला तर आत सगळं ठीक. दोष असतो रबरी होजमध्ये. बाहेरून तो अगदी धड दिसतो, पण आतून फुगून भोक सुईएवढं झालेलं असतं. पायाच्या जोराने तेल चाकाकडे जातं, पाय काढल्यावर परत येत नाही, आणि ब्रेक लागलेलाच राहतो. खात्री करायची असेल तर चाक जाम असताना त्याचा ब्लीडर (हवा काढायचा स्क्रू) किंचित सैल करा. तेलाची पिचकारी उडून चाक मोकळं झालं तर दोष होजपासून मास्टरपर्यंत कुठेतरी आहे, चाकात नाही. उभ्या राहिलेल्या गाडीचे होज दिसायला कसेही असोत, सगळे बदला. ब्रेकच्या लाइनमधली हवा काढताना मास्टरपासून सर्वांत लांबचं चाक आधी. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग खातं.

इंजिनाला थेट सेल्फ मारू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये इंजिन ऑइल आणि डिझेल मिसळून थोडं थोडं सोडा, दोन रात्री राहू द्या. मग प्लग बाहेरच ठेवून, चौथ्या गियरात टाकून गाडी हळू ढकलत इंजिन फिरतंय का बघा. अडकलं तर जोर नको, आणखी तेल आणि आणखी वेळ. मोकळं फिरलं की जुनं ऑइल काढा, नवं २०डब्ल्यू-५० घाला, आणि ऑइलचा दाब येईपर्यंत प्लगशिवायच सेल्फने फिरवा. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट बारीक पॉलिश पेपरने साफ, प्लगची फट २५ थाऊ (इंचाचे हजारावे भाग), फायरिंगचा क्रम १-३-४-२. एवढ्यावर बहुतेक फियाट बोलतात. त्यानंतर चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. चारही एकमेकांच्या जवळ असतील तर इंजिन उघडायची घाई नको. एखादंच कमी असेल तर त्यात थोडं ऑइल सोडून परत मोजा. आकडा वाढला तर रिंग, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

सोलापूरच्या गाड्या गरम होतात त्याला ऊन जितकं कारणीभूत तितकंच बोअरवेलचं पाणी. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. जड पाण्याने रेडिएटरच्या नळ्यांत आणि ब्लॉकच्या वाटांत पांढरा थर बसतो, हेड आतून कुरतडलं जातं. रेडिएटर खोलून नळ्यांत सळई घालून साफ करून घ्या, ब्लॉकचे वेल्श प्लग (बाजूच्या भोकांची पत्र्याची झाकणं) काढून आतला गाळ खरवडा, आणि यापुढे डिस्टिल्ड वॉटरमध्ये कूलंट, दुसरं काही नाही. थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला कुणीही देईल, ऐकू नका. इंजिन ठरलेल्या तापमानाला आलंच नाही तर ऑइल पातळ होत नाही आणि सिलिंडर लवकर झिजतात.

पेट्रोलचं वेगळं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, आणि ऊस पिकवणाऱ्या जिल्ह्यात त्याला नावं ठेवायचं कारण नाही, पण १९७१चं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं. सगळे पेट्रोल पाइप इथेनॉल सहन करणारे घ्या, पंपाचा डायफ्रॅम आणि कार्बोरेटरचे गॅस्केट नव्या जातीचे घाला. या पेट्रोलवर मिश्रण पातळ पडतं. प्लग पांढरे दिसू लागले, चढाला गाडी आचके देऊ लागली तर मेन जेट एक नंबर मोठा टाका. दोन-तीन महिने गाडी लावून ठेवणार असाल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा, कारण इथेनॉल पाणी धरतं. आणि एप्रिल-मेमध्ये भर दुपारी गाडी बंद करून पाच मिनिटांनी सुरूच होत नाही, तेव्हा बहुतेक वेळा पंपात पेट्रोलची वाफ अडकलेली असते. जुने ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं टाकायचे ते यासाठीच. कायमचा उपाय म्हणजे पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून दूर नेणं आणि मध्ये पत्र्याचा आडोसा देणं.

वायरिंगबद्दल इतकंच की वाड्यातली गाडी म्हणजे उंदीर आलेच. तुकडे जोडत बसू नका, पूर्ण हार्नेस नवा करा. हेडलाइटला रिले घाला, प्रकाश दीडपट वाटेल आणि डॅशबोर्डचा स्विच जळणार नाही.

रंग सगळ्यात शेवटी. मूळ रंगाचा नमुना डॅशबोर्डखाली किंवा दाराच्या पॅडिंगमागे मिळेल, तिथे ऊन पोचलेलं नसतं. मे महिन्यात रंग मारू नका. गनमधून उडालेला थेंब पत्र्यावर पोचायच्या आत सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो, वर धुळीचा वारा. पावसाळ्यात ड्यूको, म्हणजे थिनरवर लवकर सुकणारा जुन्या पद्धतीचा रंग, पांढरट पडतो. दिवाळी ते संक्रांतीची गड्ड्याची जत्रा हा आपल्याकडचा रंगाचा काळ, तोही सकाळी, जमिनीवर पाणी शिंपडून. घासणं, प्रायमर, लांबी हे घरी जरूर करा. पण वरचा कोट पीयूचा (पॉलियुरेथेन रंगाचा) ठरवला असेल तर तो बूथ असलेल्या पेंटरकडेच द्या. त्याच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट फुप्फुसाला कायमचं इजा करतं, आणि तोंडाला रुमाल बांधून ते थांबत नाही.

आता तुमच्या हौशी. अलॉय व्हील चालतील, पण मूळ रिम विकू नका, आणि टायर १४ इंचीच, फार रुंद नको. पॉवर स्टिअरिंग नाही, गाडी वळवताना खांदे दुखतील आणि नव्या केलेल्या किंगपिनवर ताण येईल. डिस्क ब्रेक नको. जेमतेम ४० अश्वशक्तीच्या गाडीला नीट जमवलेले ड्रम पुरतात, आणि फक्त पुढे डिस्क टाकल्याने पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल जातो. तो जमवायचं काम घरी होणारं नाही. एसी नको, कारण तो इतक्या लहान इंजिनाची ताकद खातो आणि त्याचा कंडेन्सर नेमका रेडिएटरच्या पुढ्यात बसतो, तोही सोलापूरच्या ४३ अंशांत. त्याऐवजी छताच्या अस्तराखाली उष्णतारोधक थर द्या, फरक जाणवेल. डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर जरूर करा, जुना डायनॅमो तेल लावून गुंडाळून ठेवा. पुढच्या सीटला बेल्ट बसवा, पण नट नुसत्या पत्र्यात नको, मागे जाड पट्टी वेल्ड करून त्यात; पान्याच्या नियमाला हा एवढाच अपवाद. सीटचं म्हणाल तर रेक्झिनचं मूळ कुशन दुरुस्त करून घ्या आणि वर आपल्या सोलापुरी चादरीच्या कापडाचं खोळीसारखं कव्हर शिवून घ्या. पुढच्या अखंड बेंच सीटवर ते नक्षीकाम फार देखणं दिसतं, उन्हात रेक्झिनसारखं भाजत नाही, आणि काढून धुता येतं.

रंग सुकला, कागद झाले की पहिले काही दिवस होटगी रोडवर पहाटे फिरवा, ४० ते ५०च्या वेगात, एकाच वेगात फार वेळ नको. परत आल्यावर चारही ड्रमवर हात ठेवून बघा, गाडीखाली रात्री पुठ्ठा टाका आणि सकाळी कुठे थेंब पडलाय ते बघा. इंजिन उघडलं असेल तर ५०० किलोमीटरला ऑइल बदला, गार इंजिनावर हेडचे नट टॉर्क रेंचने ठरलेल्या क्रमाने पुन्हा घट्ट करा, आणि त्यानंतर टॅपेट (व्हॉल्व्हची फट) लावा, कारण नट दाबले की टॅपेटची फट बदलते. तुळजापूरचा घाट त्यानंतर चढवा. वर पोचल्यावर लगेच बंद करू नका, दोन मिनिटं रिकामी चालू ठेवा आणि तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवा.